एफ-वनची रेस कोण बिघडवतंय, नियम करणारे की पैसा लावणारे?

पाचपाखाडी_पोल (ठाणे)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय, जरा लांब होईल. आम्ही ठाण्यातले काही मित्र रविवारी एकत्र बसून रेस बघतो. युरोपातली असली की साडेसहाला सुरू होते, सगळ्यांनाच सोयीचं पडतं. पण हल्ली एकेक जण गळायला लागलाय आणि कारण विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "बघण्यासारखं काय असतं?"

२०२४ चं मोनॅको आठवा. पहिल्याच लॅपला मोठा अपघात, रेड फ्लॅग, त्या थांबण्यातच सगळ्यांनी टायर बदलून घेतले आणि मग पुढे पिटला यायची कोणाला गरजच उरली नाही. पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले, एफ-वनच्या इतिहासात असं पहिल्यांदा झालं. बरं, मग २०२५ ला खास मोनॅकोसाठी नियम आणला की तीन सेट टायर वापरलेच पाहिजेत, म्हणजे दोनदा पिटला यायचंच. त्यातून निघालं काय तर रेसिंग बुल्सने लॉसनला मुद्दाम सावकाश चालवून मागची सगळी रांग अडवली आणि पुढे हाजारला पिटस्टॉपसाठी मोकळी जागा करून दिली, मग विल्यम्सने पण अल्बॉन आणि सेन्झकडून आळीपाळीने तेच करून घेतलं. रसेल एवढा वैतागला की शिकेन (वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण) कापून अल्बॉनच्या पुढे निघून गेला, जागा परत दिली नाही आणि ड्राइव्ह-थ्रू पेनल्टी (रेस चालू असताना पिटमधून सावकाश जायची शिक्षा) खाल्ली. जगातले सर्वोत्तम वीस ड्रायव्हर आणि त्यातल्या काहींना टीमच सांगते हळू चालव. माझ्या तर डोक्यातच तिडीक गेली.

माझा प्रश्न असा आहे की नियम करते एफआयए, धंदा बघते लिबर्टी मीडिया, आणि दोघंही म्हणतात की आम्ही चांगल्या रेससाठीच झटतोय. मग रेस बिघडते कुठे? डीआरएस (मागच्या गाडीला विंग उघडायची मुभा), स्प्रिंट (छोटी जादा रेस), दोन पिटस्टॉपची सक्ती, दर थोड्या वर्षांनी काहीतरी नवीन. आता २०२६ च्या मार्चमध्ये मेलबर्नच्या पहिल्या रेसपासून सगळंच बदलणार आहे. ज्यांना आतलं कळतं त्यांनी जरा सविस्तर लिहा, "पूर्वीचं एफ-वन भारी होतं" एवढंच लिहू नका प्लीज.

खारघर_सीएफडी

मी हवेचं सिम्युलेशन करायचंच काम करतो, एफ-वनमध्ये नाही, पण हवा सगळीकडे तीच असते म्हणून लिहितो.

मोनॅकोचा प्रॉब्लेम पिटस्टॉपचा नाहीच आहे दादा, गाडीच्या मापाचा आहे. तिथे १९२९ पासून रेस होतेय आणि रस्ते जवळपास तेच आहेत. गाडी मात्र २०१७ च्या नियमांनी १.८ मीटरवरून २ मीटर रुंद झाली, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३.६ मीटरच्या आसपास गेला. वजनाचं तर विचारूच नका, २००९ पर्यंत ड्रायव्हरसकट किमान ६०५ किलो होतं ते २०२५ ला ८००. हायब्रिड, बॅटरी, हेलो (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान), १८ इंची चाकं, प्रत्येक गोष्टीला आपापलं कारण आहे आणि हेलोने तर जीव वाचवलेत, त्याबद्दल वाद नाही. पण एवढी लांब-रुंद जड गाडी हेअरपिनला दुसरीच्या शेजारी मावणारच नाही, मग टायरचे तीन सेट काय नि सहा काय.

दुसरी गोष्ट म्हणजे डर्टी एअर. पुढची गाडी हवा घुसळून टाकते आणि मागच्याला त्या घुसळलेल्या हवेत डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) मिळत नाही, वळणात गाडी घसरते, टायर तापतात, मग इंजिनीयर रेडिओवर सांगतो की दोन सेकंद मागे राहा. एफ-वनने स्वतःच दिलेले आकडे आहेत, २०२१ च्या गाड्यांचा वीस मीटर मागे असताना ३५ टक्के डाउनफोर्स जायचा आणि दहा मीटरवर ४६ टक्के. २०२२ च्या ग्राउंड इफेक्टच्या (जास्त डाउनफोर्स गाडीच्या तळातून काढायच्या) नियमांनी तो तोटा वीस मीटरवर ४ टक्के आणि दहावर १८ वर आणला असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पहिल्या वर्षी खरंच फरक दिसला, गाड्या वळणात एकमेकांना चिकटून जात होत्या. पण टीम्सचे लोक काय झोपलेले असतात का? नियमाच्या फटी शोधून त्यांनी हवा पुन्हा गाडीच्या बाहेरच्या बाजूला फेकायला सुरुवात केली आणि २०२४-२५ पर्यंत ड्रायव्हर परत तेच म्हणायला लागले की मागे राहता येत नाही.

इथे नियम करणाऱ्यांनी दरवर्षी त्या फटी बुजवायला हव्या होत्या. का नाही बुजवल्या? कारण मतदान. २०२५ पर्यंतच्या करारात एफ-वन कमिशनमध्ये एफआयएची दहा मतं, एफओएमची (लिबर्टीची एफ-वन चालवणारी कंपनी) दहा आणि प्रत्येक टीमचं एक. चालू सीझनमध्ये काही बदलायचं तर तीसपैकी अठ्ठावीस मतं लागायची. जी टीम त्या फटीवर रेस जिंकतेय ती हात वर करणार का? फेरारीकडे तर वेगळा व्हेटो आहे, २०१५ ला इंजिनच्या किमतीवर मर्यादा घालायचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी तो वापरला पण.

म्हणजे कारण माहीत असतं, इलाजही माहीत असतो, पण त्याला कोणाची तरी परवानगी लागते जी मिळत नाही. मग जे पटकन मंजूर होतं ते वरून चिकटवतात. २०११ चा डीआरएस हे त्याचंच उदाहरण. मागच्याला सरळ रस्त्यावर विंग उघडायला दिली, ओव्हरटेकचा आकडा वाढला, पण पुढच्याला बचाव करायला काहीच दिलं नाही.

नेरूळ_मार्शल

मी २०११ ला दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा) होतो. त्या वीकेंडला प्रॅक्टिस सुरू होताना ट्रॅकवर कुत्रा आला होता ते जगभर दाखवलं, आपल्याला किती लाज वाटली होती तेव्हा. पण ट्रॅक उत्तम होता हे कोणी फारसं सांगत नाही. लांब सरळ रस्ता, त्याआधीचं वळण मुद्दाम रुंद केलेलं म्हणजे ड्रायव्हरला दोन-तीन लाइन घेता याव्यात, चढ-उतार, आणि रेड बुलचा वेटेल तर त्या ट्रॅकवर फार खूश असायचा. तिन्ही रेस त्यानेच जिंकल्या म्हणा. २०१३ ला चौथं टायटल इथेच घेतलं, ग्रँडस्टँडसमोर डोनट मारले, गाडीतून उतरून ट्रॅकवर वाकून नमस्कार केला, लोक वेडे झाले होते. आणि मग काय, गाडी थेट पार्क फर्मेला (रेसनंतर गाड्या तपासणीसाठी ठेवायची जागा) नेली नाही म्हणून त्याला समज आणि रेड बुलला २५ हजार युरो दंड. नियमाला धरूनच होतं सगळं, पण मला तेव्हा फार वाईट वाटलं.

मुद्दा हा की एवढा चांगला ट्रॅक तीन वर्षांत कॅलेंडरवरून गेला तो रेस वाईट होती म्हणून नाही. यूपी सरकारने रेसला खेळ न मानता मनोरंजन धरून कर लावला, कस्टमची भानगड वेगळी, आयोजक कर्जात बुडाले. २०१७ ला सुप्रीम कोर्टानेही म्हटलं की एफ-वनवाल्यांचं उत्पन्न भारतात करपात्र आहे. कुठे रेस व्हायची हे ट्रॅक बघून नाही, कोण फी भरतंय ते बघून ठरतं. जर्मनीसारख्या देशात आज एकही एफ-वन रेस नाही. बेल्जियमच्या जुन्या नावाजलेल्या स्पाला २०२८ आणि २०३० ला सुट्टी आहे. स्पाला! आणि २०२५ ला आखाती देशांत चार रेस.

खारघरवाल्या दादांनी मतदानाचं लिहिलं, त्याच्याही मागचं सांगतो. युरोपियन कमिशनने एफआयएला सांगितलं होतं की नियम करायचं काम आणि धंदा एकत्र ठेवू नका. म्हणून २००१ मध्ये व्यावसायिक हक्क बर्नी एकलस्टनच्या कंपनीला शंभर वर्षांच्या लीजवर दिले, साधारण ३१ कोटी डॉलरला. शंभर वर्षं! पुढे ते सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीकडे गेले, २०१७ ला लिबर्टीकडे आले तेव्हा सगळ्या धंद्याची किंमत कर्जासकट ८०० कोटी डॉलर धरली होती. कागदावर दोन्ही कामं वेगळी झाली, पण ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे वजन. अँड्रेटी या अमेरिकन टीमला एफ-वनमध्ये यायचं होतं ते प्रकरण बघा ना, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एफआयएने तपासून हो म्हटलं आणि २०२४ च्या जानेवारीत एफओएमने नाही म्हटलं. टीम्सना तर नकोच होती, बक्षिसाच्या पैशात अकरावा वाटेकरी कशाला? नव्या टीमने बाकीच्यांना २० कोटी डॉलर भरपाई द्यायची असं करारातच होतं आणि तेही कमी वाटत होतं त्यांना. मग अमेरिकेत चौकशी लागली, जनरल मोटर्सने कॅडिलॅकच्या नावाने टीम स्वतःच पुढे नेली, तेव्हा दार उघडलं. ग्रिडवर दोन गाड्या जास्त म्हणजे दोन ड्रायव्हरना संधी आणि मधल्या फळीत जास्त मारामारी, रेससाठी हे चांगलंच आहे ना, मग अडवलं कशासाठी?

कळवा_रेडर

सगळ्यांचं वाचलं, पटलं पण, तरी थोडं विरुद्ध लिहितो.

पैसा आला की खेळ बिघडतो हे मला मान्य नाही. मी कबड्डीवाला माणूस. प्रो कबड्डी २०१४ ला आली तेव्हा आमच्याकडची जुनी मंडळी नाकं मुरडत होती की टीव्हीसाठी खेळाची वाट लावली. पण डू ऑर डाय रेड बघा. आधी आघाडी घेतली की टीम रिकाम्या रेड टाकून वेळ काढायची, आम्हीही काढलाय, मैदानावर प्रेक्षक शिव्या घालायचे. टीव्हीच्या कबड्डीत दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीत पॉइंट काढायचाच नाहीतर रेडर आउट. खेळ एकदम जिवंत झाला. आणि मुख्य म्हणजे नियम दोन्ही टीमना सारखाच लागू, मागे असलेल्याला फुकट काही दिलं नाही. माझ्या मते डीआरएस इथेच चुकला.

तसंच एफ-वनमध्ये बजेट कॅप. मर्सिडीजने २०१४ ते २०२१ सलग आठ वेळा कन्स्ट्रक्टर्स टायटल (टीमचं विजेतेपद) घेतलं, तेव्हा शेवटचं वर्ष सोडलं तर पैशाला वरची मर्यादाच नव्हती. २०२१ पासून कॅप आली, आधी १४.५ कोटी डॉलर मग खाली आणली, आणि जी टीम टेबलमध्ये वर तिला विंड टनलचा (गाडीवर हवा सोडून चाचणी करायचा बोगदा) वेळ कमी. रेड बुलने पहिल्याच वर्षी ओलांडली तर ७० लाख डॉलर दंड आणि विंड टनलच्या वेळात आणखी कपात. या कॅपमागे लिबर्टीचा जोर होता, त्यांना शेअर बाजारात दाखवायला टिकाऊ टीम्स हव्या होत्या, म्हणजे हेतू धंद्याचाच. पण २०२४ ला सात वेगवेगळे ड्रायव्हर जिंकले आणि सातही जण एकापेक्षा जास्त वेळा. २०२५ ला नॉरिसने टायटल घेतलं ते वर्स्टापेनपेक्षा फक्त दोन पॉइंट जास्त असल्यामुळे, शेवटच्या रेसपर्यंत धाकधूक. मग पैसेवाल्यांनी सगळंच बिघडवलं असं कसं म्हणायचं?

उलट नियमवाले हट्टाला पेटले की काय होतं ते इंडियानापोलिस २००५ ला बघितलं. त्या वर्षी टायर बदलायला बंदी, एकाच सेटवर पूर्ण रेस, आणि मिशेलिनचे टायर तिथल्या बँकिंगच्या (एका बाजूला कललेल्या) वळणाला फुटायला लागले. नऊ टीम्स म्हणत होत्या की वळणाआधी शिकेन टाका, एफआयएने नाही म्हटलं ते नाहीच. फॉर्मेशन लॅपनंतर (रेस सुटायच्या आधीची फेरी) मिशेलिनच्या सगळ्या गाड्या पिटमध्ये आणि सुटल्या फक्त सहा. लोकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. आपला नरेन कार्तिकेयन त्यात चौथा आला, भारतीय ड्रायव्हरचे पहिले पॉइंट्स, आणि ते पण धड साजरे करता आले नाहीत.

नेरूळ_मार्शल

रेडर भाऊ, बजेट कॅपचं शंभर टक्के मान्य. पण तुम्ही नियम आधी ठरवण्याबद्दल बोलताय आणि माझा राग रेस चालू असताना वाकवण्यावर आहे. डू ऑर डाय रेड सामना चालू असताना पंच मधेच काढून टाकत नाही.

अबू धाबी २०२१. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांच्या पुढे सावकाश चालणारी गाडी) आली होती, नियम असा होता की एक लॅप मागे पडलेल्या गाड्यांना पुढे जाऊ द्यायचं तर सगळ्यांना, आणि त्यानंतरच्या लॅपला सेफ्टी कार आत. रेस डायरेक्टरने फक्त हॅमिल्टन आणि वर्स्टापेनच्या मधल्या पाच गाड्या काढल्या आणि त्याच लॅपला रेस सुरू केली, का तर शेवटची लॅप हिरव्या झेंड्याखाली व्हावी. ते दृश्य थरारक होतं, मान्य. पण ज्याने झेंडा हातात धरलाय ना त्याला विचारा. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिली गोष्ट शिकवतात की झेंडा कोणासाठी बदलत नाही. चॅम्पियनशिप ज्या क्षणाला ठरते तिथेच तो बदलला, याचा मला आजही त्रास होतो.

त्याच वर्षी स्पा. दिवसभर पाऊस, माणसं चिखलात बसलेली, सेफ्टी कारच्या मागे दोन-तीन लॅप फिरवल्या, एक ओव्हरटेक नाही आणि अर्धे पॉइंट्स वाटले. कागदावर रेस झाली. पुढच्या वर्षी पॉइंट्सचा नियम बदलला, पण ज्यांनी तिकिटं काढली होती त्यांचं काय?

आणि लास वेगास २०२३, जिथे आयोजकही एफ-वन स्वतःच. पहिली प्रॅक्टिस आठ मिनिटांत बंद, रस्त्यावरचं झाकण निघून सेन्झच्या फेरारीचा तळ फुटला. त्यांच्याच रस्त्यावरचं झाकण आणि बॅटरी बदलली म्हणून पेनल्टी सेन्झला, दहा जागा मागे. दुसरी प्रॅक्टिस पहाटे अडीचला झाली, तीही प्रेक्षकांना बाहेर काढून.

ऐरोलीची_आई

मी एफ-वन फार बघत नाही, पण मुलगी कार्टिंग करते म्हणून हा धागा वाचला आणि राहवलं नाही.

मुलांच्या रेसमध्ये मी काय बघते ते सांगते. इंजिनला सील असतं, उघडायचं नाही. रेस संपली की कार्ट ड्रायव्हरसकट वजनकाट्यावर. माझी मुलगी हलकी, म्हणून तिच्या सीटला शिशाच्या पट्ट्या नट-बोल्टने बसवलेल्या असतात आणि माझा नवरा प्रत्येक सेशनआधी ते बोल्ट हाताने हलवून बघतो, कारण रेसमध्ये पट्टी पडली आणि काटा अर्धा किलो कमी दाखवला तर निकाल रद्द. एवढे कडक नियम आणि तरी शेवटच्या लॅपपर्यंत पाच मुलं एकमेकांना चिकटलेली असतात. विंग नाही, हवेचा त्रास नाही, चूक केली की मागचा आत घुसलाच. कोइम्बतूरला करी स्पीडवेवर फॉर्म्युला एलजीबीच्या रेस बघितल्या, मारुतीचं १३०० सीसी इंजिन, डाउनफोर्स नावालाच, एका सरळ रस्त्यावर तीन-तीन वेळा पुढेमागे होतात. अहो, ती रेस बघताना मी उभीच होते.

पण तिथे स्टँडमध्ये कोण होतं? आमच्यासारखे आईवडील आणि मेकॅनिक. स्पॉन्सर नाही, टीव्हीवर काही नाही. मुलीच्या एका सीझनचा टायर, एंट्री, प्रवास हा खर्च काढताना आमची ओढाताण होते. आमच्याकडे रेस आहे आणि पैसा नाही, तुमच्याकडे पैसा आहे आणि रेस नाही. म्हणून पैसा आलाच पाहिजे असं मला वाटतं, फक्त तो नियमाच्या वहीपर्यंत पोचायला नको.

आणि इथल्याच एका रेंटल ट्रॅकवर मध्यंतरी गर्दी वाढली तर त्यांनी सेशनची मिनिटं कमी केली आणि कार्टचा स्पीड उतरवला, जास्त बॅचेस बसाव्यात म्हणून. लहान मुलांना त्यात काही शिकायलाच मिळेना. आम्ही दोन-तीन पालक जाऊन बोललो तेव्हा सकाळची एक बॅच जुन्या स्पीडने ठेवली. विचारलं तर होतं कधीकधी.

पाचपाखाडी_पोल (ठाणे)

ताई, "नियमाच्या वहीपर्यंत पोचायला नको" हे मी मित्रांच्या ग्रुपवर टाकतोय. मुलीला शुभेच्छा, पुढची रेस जवळपास कुठे असेल तर इथे सांगा, आम्ही नक्की येऊ.

सगळ्यांचं वाचून एवढं कळलं की बजेट कॅपसारखा नियम मुळाशी जातो म्हणून टिकतो, आणि मोनॅकोचा पिटस्टॉप वरवरचा म्हणून फसला. खारघरवाले दादा, आता शेवटचं एक सांगा. २०२६ चे नियम यातले कुठले? गाडी लहान होणार म्हणतात, डीआरएस जाणार म्हणतात, मग खूश व्हायचं की नाही?

खारघर_सीएफडी

अर्धं अर्धं. व्हीलबेस २० सेंटीमीटर कमी, गाडी १० सेंटीमीटर अरुंद, किमान वजन ७६८ किलो म्हणजे ३२ किलो कमी. दिशा बरोबर आहे, अजून हवं होतं.

पण इंजिनचे नियम रेससाठी केलेले नाहीत, ते कंपन्यांच्या बोर्डरूमसाठी केलेत असं माझं स्पष्ट मत आहे. ऑडीसारख्या नव्या कंपन्यांना यायचं होतं, त्यांना एमजीयू-एच हा एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज बनवणारा अवघड आणि महागडा भाग नको होता आणि जाहिरातीत सांगायला विजेचा मोठा वाटा हवा होता. म्हणून एमजीयू-एच काढला, इलेक्ट्रिक मोटर १२० किलोवॉटवरून ३५० वर नेली आणि पेट्रोल इंजिनची ताकद कमी केली, साधारण निम्मं-निम्मं. कंपन्या आल्या पण, ऑडी आली, फोर्ड रेड बुलबरोबर आली, होंडा ॲस्टन मार्टिनकडे गेली. ग्रिडसाठी चांगलंच आहे.

आता अडचण बघा. ३५० किलोवॉट मोटर फुल चालवली तर बॅटरी लांब सरळ रस्त्यावर संपते आणि गाडीचा वेग रस्त्याच्या शेवटी वाढायच्या ऐवजी पडायला लागतो. ते टाळायला हवेचा अडथळा कमी करावा लागला, म्हणून सरळ रस्त्यावर पुढची-मागची दोन्ही विंग सपाट होणार, आणि हे सगळ्यांनाच, मागचा-पुढचा भेद नाही. मग डीआरएसला अर्थच उरला नाही, तर ओव्हरटेकसाठी एका सेकंदाच्या आत असलेल्याला जास्तीची वीज द्यायची असं ठरलं. म्हणजे इंजिनचा निर्णय धंद्यासाठी झाला, तो सांभाळायला विंगचा नियम आला आणि त्याने ओव्हरटेक थांबू नये म्हणून तिसरा. रेडर भाऊंच्या कसोटीवर हा तिसरा परत नापासच होतो, मागच्यालाच मिळणार. फरक एवढाच की पुढचाही आपली बॅटरी राखून बचाव करू शकतो, डीआरएसमध्ये तेवढंही नव्हतं.

मेलबर्नची रेस सकाळी साडेनऊला आहे. बघाल तेव्हा ओव्हरटेक किती झाले ते मोजत बसू नका. सरळ रस्ता संपायच्या आधी ऑनबोर्ड कॅमेऱ्यात इंजिनचा आवाज आणि स्क्रीनवरचा वेग बघा. ड्रायव्हरचा पाय पूर्ण दाबलेला असताना वेग उतरायला लागला तर समजायचं वीज संपलीय. आणि ओव्हरटेक वळणाच्या ब्रेकिंगला होतायत की अशा वीज संपलेल्या गाडीवरून, हे वेगळं लिहून ठेवा. चार-पाच रेसचं एवढं जमलं तरी इथे टाका, मी ग्राफ करून देतो.